निळ्या घरगाडीची अंघोळ

"पुढून पाह्यली, आता मांगून पाहू द्या!" असं म्हणत वामनरावांनी घरगाडीच्या निळ्या पाठीवर सणसणीत थाप मारली.

"आबाजी, बैल नाही तो!" निकिता ओरडली.

"वढायची चीज हाये ना? मंग बैलच समज!"

वामनराव म्हणजे निकिताचे आजोबा. अख्ख्या बाभुळगावात बैल पारखावा तर त्यांनीच, असं लोक म्हणत आणि लोकांच्या आधी ते स्वतःच म्हणत. धोतराचा सोगा वर खोचून ते खाली वाकले, चाकाला हाताने हलवून बघितलं आणि म्हणाले, "खूर बरे हायेत!"

"आबाजी, दात पण बघा ना!" धम्मदीपने मागून आवाज दिला.

"तुहेच पाहू काय बे, चॉकलेट खाऊन कसे झाले ते?"

सगळे खो खो हसले. फक्त प्रियंका हसली नाही. तिचे डोळे घरगाडीच्या बंद खिडकीवर खिळले होते.

प्रियंका आणि तिचा धाकटा भाऊ धम्मदीप दिवाळीच्या सुटीत यवतमाळहून सत्यशीला मावशीकडे आले होते. मावशीच्या शेजारचं घर वामनरावांचं, त्यामुळे निकिता दोघांची जानी दोस्त. प्रियंका आणि निकिता एकाच वर्गात शोभतील अशा वयाच्या. पण निकिता म्हणजे फटाका आणि प्रियंका म्हणजे त्या फटाक्याजवळ पाण्याची बादली घेऊन उभी राहणारी! रस्ता ओलांडताना दोनदा बघणारी, दूध उकळलं का ते विचारणारी. मावशी तिला लाडाने 'आजीबाई' म्हणायची.

आज सगळी वरात आली होती गावाबाहेरच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात. जिनिंग बंद पडून दोन हंगाम झाले होते. कापसाचे ढीग जिथे असायचे तिथे आता तरोट्याचं रान माजलं होतं. त्या आवारातल्या मोठ्या टिनाच्या शेडखाली वणीच्या रामधनशेठने आपली घरगाडी आणून उभी केली होती.

आणि काय ती गाडी! गोलसर खांदे, वर कमानीसारखं छप्पर, दोन चाकं, पुढे ओढायचा लोखंडी आकडा. आत बसायला बाक, झोपायला फळ्या, इवलंसं कपाट. आकाशी रंग असा चकचकीत, की धम्मदीपने त्यात बघून दोनदा भांग पाडला.

"चाळीस वर्सांची हाये, ताई! जमिनीखाली कोळसा शोधाले सायेब लोक जंगलात जायचे ना, तवा याच्यात राह्यचे," रामधनशेठ सांगत होता. मिशीला पीळ, बोटात तीन अंगठ्या, आणि बोलणं असं की साखरेचा पाक. "मी सगळी नवी केली. एकदम ओरिजिनल! गारंटी!"

"ओरिजिनल आहे की नवी केली?" प्रियंकाने हळूच विचारलं.

"दोन्ही!" रामधनशेठ म्हणाला.

मावशीला ही गाडी हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. त्याचं कारण होती गंगी.

गंगी आणि मावशीच्या बचत गटातल्या बहुतेक बाया कापूस वेचायला जात. तान्ह्या पोरांना घरी ठेवायचं कुणाजवळ? मग लुगड्याची झोळी बांधायची बाभळीला, नाहीतर पोराला निजवायचं धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, पोत्यावर. मागच्या आठवड्यात गंगीच्या लेकाच्या पोत्याखाली इंगळी निघाली. काळीकुट्ट, नांगी उगारलेली! पोरगं वाचलं. पण त्या दिवसापासून गंगीचा हात कापसावर आणि जीव धुऱ्यावर. मावशीचीही झोप उडाली होती.

मावशी बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवणारी. तिच्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली: चाकांवरचं पाळणाघर! जमिनीपासून उंच, दाराला कडी, खिडक्यांना जाळी. ज्या शेतात वेचणी, त्या शेताच्या धुऱ्यावर गाडी. ओढायला वामनरावांचा ट्रॅक्टर होताच. बायांनी एकमताने गटाची सगळी शिल्लक या एका गाडीसाठी काढली होती. ही फसली तर दुसरी गाडी नव्हती. आणि पोरं पुन्हा पोत्यावर.

"चला, आता चाल पाहू!" वामनरावांनी फर्मान सोडलं.

ट्रॅक्टरला आकडा जोडला. गाडीने आवारात झोकात एक चक्कर मारली. वामनराव मागून कमरेवर हात ठेवून बघत होते. "वा! काय डौल हाये! मांडी पाह्य, मांडी!"

"आबाजी, आत तर बघा!" निकिता म्हणाली.

"बैलाच्या आत कोन पाह्यते व?"

पण मुलं आत शिरलीच. आत नवेकोरे फुलाफुलांचे पडदे, खाली नवं मेणकापड, भिंतीवर धबधब्याचं भलंमोठं कॅलेंडर. आणि चारी कोपऱ्यांत उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे धुमसत होते! धम्मदीपला सटासट शिंका आल्या. तो बाकावर बसला, मागे रेलला आणि ओरडला, "मावशी, इथली भिंत मऊ आहे!"

रामधनशेठ बाणासारखा आत आला. "अरे ऊठ, ऊठ! हात नोको लावू! कुशन हाये ते, कुशन!"

"भिंतीला कुशन?"

"सायेब लोकाइची गाडी हाये, बाबू! डोकं आपटू नये म्हनून!"

प्रियंकाने नाक वर करून एक दीर्घ श्वास घेतला. उदबत्तीच्या मागे, गुलाबाच्या मागे दुसराच एक वास लपला होता. सादळलेल्या गोधडीचा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

बाहेर तोवर सौदा सुरू झाला होता. वामनरावांनी खांद्यावरचं उपरणं काढून रामधनशेठच्या आणि स्वतःच्या हातावर पांघरलं. बैलबाजाराची रीतच ती! भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि बघणाऱ्यांनी नुसतं बघत राहायचं. उपरणं असं हलत होतं जसा आत उंदीर शिरलाय. रामधनशेठ मान हलवी, वामनराव भुवई उडवत. मावशी बिचारी शेजारी उभी. गाडी तिची, आणि भाव तिलाच ठाऊक नाही!

"काकाजी, मला पण कळू द्या ना," ती म्हणाली.

"तू फिकर नोको करू, सत्यशीला. माह्या बोटानं ठरलेला बैल आजलोक खोडीचा निंगाला नाही!" उपरणं झटकून वामनरावांनी शेठच्या हातावर आगाऊ इसाराची एक नोट ठेवली आणि जाहीर केलं, "पक्का! रविवारी पैसे द्यायचे अन् गाडी न्यायची!"

*

"मी सांगते, काहीतरी गडबड आहे," दुसऱ्या दिवशी दुपारी प्रियंका म्हणाली.

"तुले तं चहातबी गडबड दिसते," निकिता म्हणाली. पण तिनेही चप्पल घातली. सुटीत रहस्य चालून आलं तर नको कोण म्हणेल?

"तिघं सोबतच राहा, अनवाणी फिरू नका, अन् दिवेलागणीच्या आत घरी!" मावशीने स्वयंपाकघरातून बजावलं.

जिनिंगच्या आवारात सामसूम होती. रामधनशेठ शेडच्या त्या टोकाला खाटेवर घोरत पडला होता. आणि घरगाडी? घरगाडीवर डोक्यापासून चाकांपर्यंत ताडपत्री बांधलेली!

"थंडी वाजते की काय तिला?" धम्मदीप कुजबुजला.

"वर टिनाचं छप्पर," प्रियंका बोट दाखवत म्हणाली, "आभाळात ढगाचा ठिपका नाही. मग ताडपत्री कशाला? छपराखाली छत्री कोण उघडतं?"

"ज्याला भिजायची भीती वाटते तो!" धम्मदीप म्हणाला आणि स्वतःच चमकला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अन् काल आबाजी म्हणाले, जरा पाण्यानं पुसून दाखव, तं शेठनं कोरड्या फडक्यानं पुसली. मले तवाच वाटलं!" निकिता म्हणाली.

"तवाच वाटलं तं तवाच काहून नाही बोलली?" धम्मदीपने तिच्या सुरात चिडवलं.

"चूप बे!"

पण नुसतं वाटून काय उपयोग? भिंतीच्या आत बघायचं कसं? प्रियंका विचार करत शेडच्या खांबाला टेकली. जुन्या जिनिंगच्या जाळीत अजून कापसाचे पुंजके अडकलेले होते. तिने एक पुंजका ओढला. आणि तिचे डोळे लुकलुकले.

"निकिता, कापूस ओला आहे की कोरडा हे तुला कळतं ना?"

"झोपेतबी कळते! मुठीत दाबायचा. कोरडा असला तं सोडल्याबरोबर फुलते, सशावानी. ओला असला तं मुठीचा आकार धरून बसते, अन् हाताले गार लागते. लोक वजन वाढवाले पाणी मारून आनते ना, तवा आमच्या आबाजीइनं किती गाड्या वापस धाडल्या!"

"मग हा भिंतीत पाठवू या. आत काय आहे ते कापूसच येऊन सांगेल!"

खिडकीखाली पत्र्याची एक पट्टी किंचित सुटली होती. निकिताने शेजारच्या शेतातून स्वच्छ, उन्हात वाळलेला कापूस आणून त्याची बोटभर वात वळली. दोऱ्याने ती तुराटीच्या काडीला बांधली आणि ताडपत्रीखालून हात घालून त्या फटीत अलगद सारली. घोरणं थांबलं! तिघं जागच्या जागी दगड झाले. रामधनशेठ कूस बदलून पुन्हा घोरू लागला. मुलं चवड्यांवर पसार!

संध्याकाळी तिघं पुन्हा हजर. या वेळी धम्मदीपच्या हातात मावशीने दिलेला फराळाचा डबा होता.

"शेठ, मावशीनं चकल्या पाठवल्या!" धम्मदीप खाटेवर जाऊन बसला. "शेठ, गाडीतल्या साहेबाजवळ बंदूक होती का? वाघ आला होता का? तुम्ही वाघ पाहिलाय? चकली कडक आहे ना? आमची आई सैल करते, मावशी कडक करते..."

शेठच्या तोंडात चकली आणि कानात धम्मदीप. मान वळवायलाही सवड मिळेना!

तोवर निकिताने काडी ओढून काढली होती. बाभळीच्या आड जाऊन दोघींनी कापूस बघितला. पांढरीशुभ्र वात तपकिरी झाली होती. निकिताने मुठीत दाबली आणि मूठ उघडली. कापूस फुलला नाही. चपटा गोळा होऊन तळहाताला चिकटून बसला, गारढोण! प्रियंकाने वास घेतला. सादळलेली गोधडी!

"पावसाळ्यात प्यायलेलं पाणी अजून पोटात आहे हिच्या," प्रियंका हळू आवाजात म्हणाली. "आतलं लाकूड कुजलंय. वरून रंग, आतून पडदे, अन् मध्ये सगळा भुगा! आणि यात बाळं झोपणार, निकिता!"

*

"पोट्टेहो, मले शिकवता?" रात्री ओसरीवर सगळं ऐकून वामनराव उसळले. मांडीवरचं फराळाचं ताट त्यांनी बाजूला सरकवलं. "कापूस तुमीच हातपंपाखाली धरला असंन!"

"आबाजी, शप्पथ!"

"माह्या नजरेतून बैल सुटला नाही, गाडी सुटंन? इसार झाला, शब्द झाला. आता भिंती उकरून पाह्यल्या तं शेठ म्हनंन, बाभुळगावची मानसं शब्दाची नाहीत!"

मावशीने तो चपटा गोळा बोटांत घेतला, नाकाशी नेला आणि कपाळाला आठी घातली. पण मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं कसं पाडायचं?

प्रियंका गप्प बसून शेव खात होती. एकेक शेव. ती अशी खाऊ लागली की धम्मदीप ओळखायचा, ताईचं यंत्र सुरू झालं!

"आबाजी," ती गोड आवाजात म्हणाली, "बैल घ्यायला गेलं की लोक फसवतात का हो?"

वामनरावांची कळी खुलली. "फसवते? अव बापा! म्हाताऱ्या बैलाले काळा रंग देते, शिंगं घासून जवान करते! पन मी कोन हाये? इसार दिला की पयले नदीवर नेतो. डोक्यापासून खुरापावतर रगडून अंघोळ! रंग असंन तं वाहून जाते. अन् अंघोळ झाल्यावरच पैसे!"

"पैसे द्यायच्या आधी?"

"मंग काय मंग! धुतल्याबिगर पैसा नाही. आमच्या वडलाइची रीत हाये!"

"किती छान रीत आहे," प्रियंका म्हणाली. "घरगाडीची अंघोळ कधी आहे मग?"

वामनरावांचा हात करंजीवर थांबला. मग ते मांडी थोपटून गडगडाटी हसले. "भले शाब्बास! हे तं राह्यलंच! आता रीत म्हनजे रीत. रविवारी गाडीची अंघोळ! सगळ्या बाया बोलवा. तानाबाईले सांगा ओवाळाले!"

मावशीने प्रियंकाकडे बघितलं. प्रियंकाने मावशीकडे. दोघींनीही घाईघाईने चिवड्यात तोंड घातलं, कारण हसू फुटायला आलं होतं.

*

रविवारी जिनिंगच्या आवाराला जत्रेचं रूप आलं. बचत गटाच्या बाया नवी लुगडी नेसून आल्या. गंगी लेकाला कडेवर घेऊन आली. निकिताची आजी तानाबाई ओवाळणीचं ताट घेऊन आली. कुणीतरी गाडीच्या आकड्याला झेंडूची माळसुद्धा बांधली.

"हे... हे काय चाललं?" रामधनशेठने विचारलं.

"अंघोळ!" वामनराव म्हणाले. "नवा बैल धुतल्याबिगर आमी घरी नेत नाही!"

रामधनशेठच्या तोंडचं पाणी पळालं. "पन... पन पॉलिश जाईन ना, भाऊ! नवा रंग हाये!"

"पान्यानं जाईन तो रंग कसला?"

"चाकाइवर घाला, चाकाइवर! पायावर पानी घातलं की झालं!"

"अन् पाठ कोरडी ठेवू? पाप लागंन ना मले!"

आवारातल्या विहिरीच्या मोटारीला लांबलचक पाइप जोडला. निकिताने पाइपाचं तोंड गाडीच्या छपराकडे धरलं. "एक... दोन... तीन!"

पाण्याची धार सुर्रर्र करून निघाली, हातभर गेली, वाकली, लाजली आणि थेंब थेंब होऊन बंद पडली. लाइन गेली होती! भारनियमन!

"पाहा!" रामधनशेठने कपाळाचा घाम पुसला. त्याच्या मिशीला पुन्हा पीळ आला. "वरच्याच्या मनातच नाही. चला, पैसे द्या अन् न्या. मले वणीले पोचाचं हाये अंधाराच्या आत."

वामनराव डोकं खाजवू लागले. मावशीचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट झाला. आता? प्रियंकाने गंगीच्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं. ते झेंडूच्या माळेकडे हात पसरून खिदळत होतं.

"हातपंप!" प्रियंका केवढ्यांदा ओरडली! तिचा तिलाच विश्वास बसेना. "हातपंपाला लाइन कुठे लागते?"

बस्! बांध फुटावा तशी गर्दी आवाराच्या कोपऱ्यातल्या हातपंपाकडे धावली. घागरी आल्या, बादल्या आल्या, फराळाचे रिकामे डबेसुद्धा आले. निकिता हातपंपाच्या दांड्याला लोंबकळू लागली. पंपापासून गाडीपर्यंत बायांची रांग लागली. वामनरावांनी ट्रॅक्टरची ट्रॉली गाडीला खेटून उभी केली.

"मी छपरावर चढतो!" धम्मदीपने शर्ट काढला.

"अजिबात नाही! ट्रॉलीत उभं राहून, कठडा धरून," प्रियंकाने त्याचा कान पकडला.

"आजीबाई!"

"हो, आजीबाई! पाय घसरला की हसतील सगळे, रडशील तू!"

मग काय विचारता! हातोहात घागरी वर चढू लागल्या आणि ट्रॉलीतल्या बाया त्या निळ्या छपरावर रिचवू लागल्या. धपाक! धपाक! "घाल वं माय, अजून घाल!" "कानामागे घास!" "साबन आना रे कोनी!" बाया अर्ध्याअधिक स्वतःच भिजल्या. हसण्याने टिनाचं शेड दणाणलं. रामधनशेठ मात्र एका घागरीपासून दुसऱ्या घागरीकडे पळत होता. "पुरे, पुरे! झाली स्वच्छ!"

"आता आत बघू या," मावशी शांतपणे म्हणाली. तिने दार उघडलं. प्रियंका तिच्या मागोमाग, आणि त्यांच्यामागे वामनराव.

आधी काहीच दिसलं नाही. मग छपराच्या कोपऱ्यात एक थेंब जमला. टप्. शेजारी दुसरा. टप् टप्. मग धबधब्याच्या कॅलेंडरमागून खरोखरच्या पाण्याचा ओघळ आला! कॅलेंडर फुगलं, सैल झालं आणि सप्पकन खाली घसरलं. त्यामागची भिंत पुरीसारखी टम्म फुगलेली!

"कुशन!" धम्मदीप दारातून किंचाळला. "साहेब लोकांचं कुशन!"

"काहीतरीच! वरवरचं असंन," वामनराव पुटपुटले. धीर द्यायला म्हणून ते भिंतीला टेकले आणि... खच्चाक! कोपरापर्यंत हात भिंतीत आरपार! बाहेर उभ्या असलेल्या तानाबाईला निळ्या पत्र्याच्या फटीतून नवऱ्याची बोटं वळवळताना दिसली.

"अवं माय! गाडीले हात फुटला!"

हात ओढून काढला तेव्हा त्याच्यासोबत बाहेर आली पोत्याची लक्तरं, भेगा बुजवायच्या लांबीचे गोळे आणि काळा, बुळबुळीत लाकडाचा भुगा. सगळीकडे तोच वास पसरला. आता कुठलीही उदबत्ती तो लपवू शकत नव्हती.

वामनराव आपल्या काळ्या झालेल्या हाताकडे बघत राहिले.

"खूर पाह्यले, चाल पाह्यली," ते अखेर खालच्या आवाजात म्हणाले. "पोट नाही पाह्यलं. पोट्ट्याइनं सांगतलं, तं त्याइलेच खोटं पाडलं." मग ते वळले आणि त्यांचा आवाज चढला. "रामधन! खोड लपवून बैल विकते? तानी लेकरं निजनार होती याच्यात!"

रामधनशेठ चिखलात उभा होता. भिजलेली मिशी दोन्हीकडे लोंबत होती. "भाऊ, लेकरं निजनार हे मले मालूम नव्हतं. मले वाटलं, नाश्त्याची टपरी करानार असान..."

"म्हणजे टपरीवर भिंत पडली असती तर चाललं असतं?" प्रियंका म्हणाली.

रामधनशेठने लोंबणारी मिशी तळहाताने पुसली. "चुकलं," तो म्हणाला. "मोडा सौदा. गाडी वापस नेतो."

बाया माघारी वळू लागल्या. गंगीने लेकाला छातीशी घट्ट धरलं. उद्यापासून पुन्हा धुरा, पुन्हा पोतं. प्रियंकाला एकदम वाईट वाटलं. आपण वाचवलं खरं, पण हातात काय आलं? ती चाकाशी बसली, खाली वाकून बघू लागली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "खालचं लोखंड बघ. गंज नाही, चीर नाही. चाकं चांगली आहेत, हे तर आबाजींनी बरोबर सांगितलं होतं. छपराच्या कमानीही लोखंडाच्या आहेत. कुजलंय ते फक्त अंगावरचं कातडं! ते बदललं तर?"

मावशी खाली वाकली. तिने हाताने चाचपून बघितलं, धम्मदीपला खालून दगडाने ठोकायला लावलं. ठण्! ठण्! खणखणीत आवाज आला. ती उठली तेव्हा तिचा चेहरा पार बदललेला होता.

वामनरावांनी सवयीने खांद्यावरचं उपरणं काढलं.

"नाही, काकाजी," मावशी हसून म्हणाली. "ते खांद्यावरच राहू द्या. आता भाव मी बोलणार, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत."

आणि ती बोलली! जुन्या भिंती शेठने इथेच, याच आवारात काढायच्या. नवे पत्रे, नव्या फळ्या बसवायच्या, आणि भिंत बंद करायच्या आधी ती मुलांना आतून दाखवायची. रंग सगळ्यात शेवटी. पुन्हा अंघोळ घालायची. आत थेंब दिसला तर पैसे नाहीत. आणि किंमत तेवढीच, जेवढी नुसत्या सांगाड्याची! रामधनशेठने एकदा बायांच्या रांगेकडे बघितलं, एकदा भरलेल्या घागरींकडे. आणि मुकाट्याने मान डोलावली.

"उदबत्ती नको मात्र!" धम्मदीप म्हणाला आणि त्याला आठवणीनेच शिंक आली.

*

सुटी संपायला आली होती तेव्हा घरगाडी पहिल्यांदा शेतात गेली. दुसऱ्या अंघोळीत आत एक थेंबही आला नव्हता. निकिता प्रत्येक कोपऱ्यात कापूस ठेवून बसली होती आणि प्रत्येक पुंजका सशासारखा फुलला होता!

सकाळी मुलांनी खूप काम केलं. झोळ्या बांधल्या, खिडक्यांची जाळी तपासली. प्रियंकाने दाराची कडी इतक्यांदा लावून उघडून पाहिली, की धम्मदीपने हात जोडले. बाळं आली, रडली, शांत झाली. पांढऱ्याशुभ्र शेतात बाया ओळीने वेचत पुढे गेल्या.

दुपारी गंगी लेकाला पाजायला आली. बाकावर बसली, भिंतीला टेकली. लेकरू पिता पिता झोपलं. आणि बघता बघता गंगीची मान कलली. इंगळी निघाल्यापासून जी धड झोपली नव्हती, ती गंगी भर दुपारी तोंड उघडं टाकून गाढ झोपली!

तेवढ्यात धुऱ्यावर ट्रॅक्टर थांबला. वामनराव उतरले आणि छाती फुगवून दाराशी आले. "कुठं हायेत माह्ये वाघ? आज साऱ्या शिवाराले सांगतो मी..."

"शूऽऽऽ!" मावशी, प्रियंका, निकिता आणि धम्मदीप एकदम म्हणाले.

वामनरावांनी आत डोकावलं. त्यांचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. ते चवड्यांवर वाकले, तिघांची डोकी एकत्र ओढली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

"काय आबाजी?" धम्मदीप कुजबुजला. "ऐकू नाही आलं!"

"शाबास म्हनलं!"

"मोठ्यानं म्हणा ना!"

"शाबास म्हनलं बे!"

बाळाने एक डोळा उघडला. दाराशी पाचही जणांनी श्वास रोखला. शेतातून वाऱ्याची एक झुळूक आली, जाळीतून आत गेली. बाळाने तोंड चुटचुटवलं, आईच्या पदराची मूठ केली आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

प्रियंकाने आवाज न करता दार ओढून घेतलं. आणि बाहेरच पायरीवर बसली, राखणीला.